वनस्पतिशास्त्राचे चार तास

सुज्ञ वाचकहो, एका कन्येने महाविद्यालयातील प्रथम सत्राचे विषय कसे निवडले, तो वृत्तांत येथे यथामती निवेदन करीत आहे.

प्रवेश-अर्जावरील गणित हा विषय खोडून तेजलने तेथे वनस्पतिशास्त्र लिहिले.

"अगं, गणितात ब्याण्णव मार्क, आणि झाडपाला कसला शिकतेस?" आई म्हणाली.

"आठवड्याला चार तास बाबा शिकवतील मला."

"बाबा नव्हे, कॉलेजातलं यंत्र. त्यांचं मन त्यात उतरवून घेतलं तेव्हा तू पोटातही नव्हतीस, आणि तू जन्मण्याआधीच ते गेले. त्यांना तू ठाऊकच नाहीस, तेजू."

"मला तरी ते कुठे ठाऊक आहेत?"

आईने अर्जावर सही केली.

पहिल्या तासास भिंतीवरील यंत्रातून धीरगंभीर स्वरात हजेरी सुरू झाली.

"तेजल केरबा लोहार."

"हजर."

यंत्राने ते नाव पुन्हा एकदा उच्चारले. "अरे वा! वडिलांचं नाव माझंच, आडनावही माझंच! काय करतात गं ते?"

वर्ग खळखळून हसला. तेजलने सांगावयाचे सर्व काही पाठ करून आणले होते. परंतु त्या स्वरातील आनंद इतका निर्मळ होता की, तो मोडण्यास तिचे मन धजेना.

"शिकवतात, सर."

"मग मागे काय बसलीस? मास्तरांच्या मुलांनी पुढे बसायचं असतं."

तेजल वह्या उचलून पहिल्या बाकावर जाऊन बसली.

आपण येथवर वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
बाबाजी रामा घाडी