दारावरचा डोळा

काजवालीने छातीवरचा टॉवेल घट्ट धरला आणि पुन्हा वर पाहिलं. बायकांच्या खोलीत, दाराच्या वरच्या पट्टीवर एक पांढरी डबी बसवलेली होती आणि तिच्या मधोमध काळा, चकचकीत डोळा. काल तिथे काहीच नव्हतं.

कोट शिवण्याच्या त्या कारखान्यात ती काजं करायची, म्हणून सगळ्यांची काजवाली. बाळ चार महिन्यांचं, घरी सासूबाईंजवळ. दुपारच्या सुट्टीत ती इथे बसून पंपाने दूध काढायची. बाकीच्या बायका इथेच कपडे बदलायच्या. आणि मालक? मालक वाटेल तेव्हा दार ढकलून आत यायचे. टकटक नाही, साधं खाकरणं नाही. मागच्या महिन्यात असेच आले तेव्हा ही बिचारी भिंतीकडे तोंड करून टॉवेल ओढून बसली. वर म्हणाले, कारखाना माझा, दार माझं, लाज वाटत असेल तर घरी बसा.

बायकांनी तेव्हाच कामगार कार्यालयात अर्ज केला. उत्तर आलं, मालकाने स्वतःच्या जागेत जाऊ नये असा नियम नाही. मालकांनी ते वाचलं आणि दाराची होती ती खिळखिळी कडीसुद्धा उपटून टाकली. तेव्हापासून काजवालीला धसका बसला होता. भीतीने दूध आटायला लागलं होतं, आणि नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं.

पण आज तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक इस्त्रीवाल्या काकूंकडे गेली. काकू कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या, बोलायला कमी आणि इस्त्रीइतक्याच गरम.

"आता मी गप्प बसणार नाही," काजवाली म्हणाली.

"मग लिही," काकू म्हणाल्या.

अर्ज काकूंनी सांगितला, हिने लिहिला. बायकांच्या खोलीत काळा डोळा बसवलेला आहे, तो आमच्यावर रोखलेला आहे, खाली आम्ही कपडे बदलतो, तरी चौकशी व्हावी. काजवालीला ते फार मोघम वाटलं. काकू म्हणाल्या, दिसतं तेवढंच लिही बाई, यंत्रातलं तुला-मला काय कळतंय.

पुढचे पंधरा दिवस काजवालीने दूध काढलं ते उघड्या छत्रीआड बसून. मुकादमाने दारातून हटकलं तर म्हणाली, आत फार ऊन लागतं हो. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. त्याने अर्ज मागे घे म्हणून दम दिला, मालक हाकलतील म्हणाला. ती म्हणाली, हाकलू देत, पण आधी त्यांनी तोंड उघडून सांगावं की दूध काढणाऱ्या बाईचं त्यांना काय बघायचं असतं. मुकादम निघून गेला. मालकांनी तर कार्यालयाची नोटीस न वाचताच टराटरा फाडली होती.

सोळाव्या दिवशी कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाई स्वतः आल्या. खोलीत उभ्या राहून त्यांनी वर बोट दाखवलं आणि विचारलं, हे कुणी लावलं?

मालकांनी वर पाहिलं. मग मुकादमाकडे पाहिलं. मुकादम जमिनीकडे बघायला लागला.

तेवढ्यात काकू मध्येच बोलल्या. "अहो बाई, मालकांना कशाला विचारता? त्यांना कुठे सगळं ठाऊक असतं? लावला असेल कुणीतरी त्यांना न विचारता."

काजवालीला वाटलं, काकूंचं तोंड दाबावं. इतके दिवस झुंजायचं आणि ऐन वेळी मालकाला अशी पळवाट दाखवायची! तिने काकूंचा दंड धरला. काकूंनी तो सोडवून घेतला.

मालकांच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. "मला न विचारता? माझ्या हुकमाशिवाय इथे सुई हलत नाही. हा कॅमेरा मी लावला. माझ्या कारखान्यात मी कुठेही लावीन."

"लिहून द्या," अधिकारी बाई म्हणाल्या.

त्यांनी दिलं. झोकात सही केली.

कॅमेऱ्याची लेखी कबुली हातात आल्यावर अधिकारी बाईंनी शांतपणे सांगितलं. जागा मालकाची असली, तरी जिथे बाई कपडे उतरवते तिथे आपल्याला कुणी बघत नाही असं धरून चालण्याचा तिला हक्क आहे. कायद्याने ही खोली आजपासून खाजगी. कडी आजच बसवायची, मालकांनी उंबरा ओलांडायचा नाही आणि ती डबी संध्याकाळच्या आत उतरवायची. पुन्हा तक्रार आली तर कारखान्याला टाळं.

"तुम्हीच उतरवा ती," म्हणत मालक पाय आपटत गेले. मुकादम कडी आणायला धावला.

अधिकारी बाई गेल्या. कडी बसली. काजवालीने ती आतून लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली, आणि तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसून ती काकूंवर उखडली, ऐन वेळी फितूर झालात म्हणाली. काकू स्टुलावर चढल्या. नखाने डबी उचकटून त्यांनी ती हिच्या हातात ठेवली.

डबी हलकी होती. आत तार नव्हती, भिंग नव्हतं. झाकणाच्या भोकात ओव्हरकोटाचं काळं बटण चिकटवलेलं होतं.

"बघतेस काय?" काकू म्हणाल्या. "काजं तू करतेस. बटण मी लावलं."