होल्डवरचं कीर्तन

दीपाली घिवलीत घरून एका कंपनीच्या तक्रारींचे कॉल घ्यायची आणि पलीकडच्या खोलीत बाबा कीर्तनाचा सराव करायचे. चिडलेले ग्राहक ते ऐकून निवायचे. एक तर म्हणाला, "ताई, तक्रार राहू दे, मला होल्डवरच ठेवा."

सुपरवायझर धीरजने त्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. "कॉलमध्ये घरचा आवाज चालत नाही. उद्यापासून कामावर येऊ नका."

"सर, मी येते कुठे?"

फोन कट.

नोकरी परत मागायला तिने कंपनीला स्पीकरवर फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," म्हणत कंपनीने तिला होल्डवर टाकलं, आणि त्याच रेकॉर्डिंगमधलं बाबांचं कीर्तन वाजू लागलं.

ती फोन कापणार, तोच पलीकडच्या खोलीतून बाबा म्हणाले, "ठेवू नको गो. आख्यान अजून लागायचं हाय."