व्हिडिओ कवाचा

"हा भीमराजच ना, बाई?" तहसीलदार साहेबांनी विचारलं.

मथुराबाईनं पडद्याकडे पाहिलंही नाही. बाभुळगावच्या तहसील कचेरीत तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. तिनं भिंतीजवळची खुर्ची स्वतःच ओढून वामनराव पाटलाच्या बरोबरीनं मांडली होती.

पडद्यावर कपाशी होती, माणसाच्या खांद्याला लागलेली. तिच्यातून एक जण पाठीवर पंप घेऊन फवारत चालला होता. पांढरा कोट, डोक्यावर टोपडं, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. नवरीही मांडवात इतकी झाकून येत नाही.

"सगळं सामान दिलं होतं साहेब आमी," वामनराव म्हणाले. "मागून त्यानं मास्क काढला असन, त त्याची चूक. हा पाहा ना. तेच खांदे, तेच चालणं. भीमराजच आहे."

भीमराज मथुराबाईचा मुलगा. एकोणीस सप्टेंबरला वामनरावांच्या वावरात बोंडअळीचं औषध फवारताना पडला. यवतमाळच्या दवाखान्यात जीव वाचला, पण नजर गेली. आता त्याला उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. चूक मालकाची की फवारणाऱ्याची, ते आज साहेब लिहिणार होते. फवारणाऱ्याची लिहिली, तर भीमराज आंधळाही आणि वरून दोषीही.

वामनरावांनी सकाळी तिला आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं. उभ्या गावानं पाहिलं. शेजारच्या मैनाबाईनं तोंडावर विचारलं, "काय वं, विकली गेली काय?" मथुराबाईनं उत्तर दिलं नाही. तिनं कुणाला उत्तर न देण्याची गावातली ही पहिलीच वेळ.

"मथुराबाई," वामनराव हळूच म्हणाले, "साहेब विचारून राह्यले. माय लेकराले वळखत नाही काय? सांगून टाक."

"वळखते ना. म्हणूनच सांगून राह्यली. हा माहा पोरगा नाही."

वामनरावांची मान झटक्यात वळली. "विचार करून बोल."

"रस्ताभर तेच केलं पाटील. तुमची सीट लय मऊ आहे. विचार चांगला होते."

वामनरावांचा मुलगा अमर मागे उभा होता. व्हिडिओ त्यानंच काढला होता. "तोंड त दिसत नाही," तो म्हणाला. "मंग तू कशावरून नाही म्हणतं?"

"अन् तू कशावरून हो म्हणतं?"

साहेबांनी पेन खाली ठेवला. "बाई, नुसत्या बोलण्यावर मी काय लिहू?"

"माह्या बोलण्यावर लिहूच नका. मी दुसरी नापास. त्या डब्यालेच विचारा. व्हिडिओ कवाचा आहे ते त्याच्या पोटात लिवलं रायते. माही नात साधना राळेगावले कॉम्प्युटर शिकते, तिनं सांगितलं."

साहेबांनी कॉम्प्युटरवरच्या उर्वशीला खूण केली. तिनं व्हिडिओ बंद केला. पेन ड्राईव्हमध्ये ती एकच फाईल होती. तिच्यावर उजवं बटण दाबून तिनं प्रॉपर्टीज उघडली.

"चार ऑक्टोबर, साहेब."

अमर हसला. "ते पेन ड्राईव्हमध्ये टाकल्याची तारीख आहे. म्हातारे, अर्ध्या हळकुंडानं पिवळी नको होऊ."

"हो, ही कॉपी केल्याचीच," उर्वशी म्हणाली.

वामनरावांनी पाय लांब केले.

"अजून खाली पाह्य पोरी," मथुराबाई म्हणाली. "घाई कायले करतं?"

उर्वशीनं डिटेल्सवर क्लिक केलं. लांबी दोन मिनिटं चौदा सेकंद. रुंदी, उंची, कसले कसले आकडे. मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "मीडिया क्रिएटेड. ही मोबाईलनं व्हिडिओ काढला तेव्हाची असते. कॉपी केलं तरी बदलत नाही. बावीस सप्टेंबर. दुपारी चार वाजून दहा मिनिटं."

साहेबांनी दवाखान्याचा कागद पुढे ओढला. भरती एकोणीस सप्टेंबर. सुट्टी दोन ऑक्टोबर.

"मोबाईलची तारीख चुकली असन," अमर म्हणाला.

"मोबाईल चुकला, डॉक्टर चुकला, माहा पोरगा त चुकलाच होता. पाटलाच्या घरी बरोबर आहे तरी कोन?"

"वामनराव," साहेब म्हणाले, "मग हा माणूस कोण?"

वामनरावांनी मथुराबाईकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सांगा ना पाटील," ती म्हणाली. "तुमच्याच वावरातलं माणूस. नाव सांगा, साहेब लिहून घेतील."

त्यांनी नाव सांगितलं नाही. साहेब बराच वेळ लिहीत राहिले. मथुराबाईनं तो कागद उर्वशीकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच अंगठा दिला. बाहेर गाडी उभी होती. तिच्याकडे न बघता ती एसटी स्टँडकडे निघाली.

घरी भीमराज दारात खाटेवर बसला होता. चाहुलीवरूनच त्यानं विचारलं, "काय झालं माय?"

तिनं सगळं सांगितलं. मग त्याच्या मुठी वळल्या.

"मी तिथं दवाखान्यात मरून राह्यलो होतो, अन् आपल्यातलंच कोनी पाटलासाठी तो कोट घालून उभं राह्यलं? नाव सांग त्याचं. डोये गेले, हात आहेत अजून. बावीसले त तू दुपारची गावाले आलती ना, पाटलाले दवाखान्याचे पैसे मागाले? मंग तुले दिसलं असन कोन होतं ते."

मथुराबाईनं माठातलं पाणी घेतलं, गटागटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"लय उकडते रे त्या कोटात," ती म्हणाली.