दर्शनी भिंत

निवडणुकीच्या आदल्या पंधरवड्यात, मौजे पळसदेव, तालुका इंदापूर येथे, चतुराबाईंच्या घराची मागची मातीची भिंत आत झुकली होती. ती कोसळेल या भयाने त्या नातीला कुशीत घेऊन अंगणातच निजत. मातीवर रंग टिकेना, म्हणून प्रचारकांनी दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर रंगवले, 'प्रत्येक गरिबाला पक्के घर'. नकार दिल्यास घरकुल हुकेल, या धास्तीने त्यांनी ते करू दिले.

चार दिवसांनी घरकुलाच्या पाहणीस आलेल्या कर्मचाऱ्याने रस्त्यावरूनच मोबाइलवर छायाचित्र घेतले.

"सायेब, मागलं भिताड बघा की. पोरीच्या अंगावर यील वो ते."

"फोटो समोरूनच घ्यायचा असतो, आजी."



त्याने पुढे येऊन गिलाव्यावर बोटाने टकटक केली. "घर पक्कं आहे. घरकुल मिळणार नाही."