ट्रंकेतली चटणी

“तारखा तुझ्या पुस्तकाला विचार. मी चटणीचं सांगते, तेवढं लिव्ह,” द्वारकाबाई नातीवर, प्रांजलवर फणकारल्या.

वर्गात एकाहत्तरच्या युद्धाचा धडा चालू होता. घरच्यांच्या आठवणी वर्गाच्या ब्लॉगवर टाकायच्या होत्या. प्रांजलनं टाकलं: आजोबा लढाईवर निघाले, ओझं नको म्हणाले. तरीही आजीनं शेंगदाण्याची चटणी ट्रंकेत कपड्यांखाली लपवली. आजोबा परतलेच नाहीत. चटणी त्यांना सापडली का, ही रुखरुख आजीला कायमची लागली.

आठवड्यानं ब्लॉगवर एका म्हाताऱ्या फौजीनं लिहिलं, “खंदकात आम्हाला चटणी वाटताना तुझा आजोबा हसत होता. म्हणाला, नको म्हटलं तरी घातलीच कारभारणीनं! तिखटानं सगळे रडलो.”

ते हसणं द्वारकाबाईंना लख्ख आठवलं.

“फौजी म्हणं! एवढ्याशा तिखटाला रडले.” त्यांनी उखळ पुढं ओढलं. “पत्ता विचार त्याचा. आता तरी सोसतंय का बघू.”