यकृत उत्तम

"पदर बाजूला कर," रघुवीर खेकसला आणि त्याने सिंधूच्या उजव्या बरगडीखाली चिकटलेली यकृत तपासणारी चकती अंगठ्याने दाबली. औषधांचा डबा क्षणभर घुमला. "यकृत उत्तम. गोळी घ्या," असं म्हणून तो उघडला.

रघुवीरच्या पाठदुखीच्या गोळीत दोन औषधं एकत्र होती. त्यातलंच एक त्याच्या सर्दीच्या गोळीतही होतं. दोन्ही मिळून यकृत जाईल, असं डब्याने त्याला तिसऱ्याच दिवशी बजावलं आणि झाकण मिटून घेतलं. तेव्हापासून त्याची चकती बायकोच्या अंगावर होती. दोन महिने तो दोन्ही गोळ्या हव्या तेव्हा गिळत होता. "कुठे बोललीस तर बघ," एवढंच त्याने तिला सांगून ठेवलं होतं.

सोमवारी त्याचे डोळे पिवळेजर्द झाले आणि पोटात पाणीही ठरेना. दवाखान्याच्या खिडकीतल्या यंत्राला डोळे नव्हते, त्याच्याकडे फक्त डब्याने पाठवलेल्या नोंदी होत्या. "दोन महिने यकृत उत्तम. पित्त झालं असेल. घरी जा."

रघुवीर खिडकीचा गज धरून कसाबसा उभा होता. "अगं, सांग की त्याला," तो कण्हला. "चकती कुणाच्या अंगावर होती ते सांग."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्याशी खालच्या आवाजात बोलत होता. सिंधूने चकती ओढून काढली. तिच्याबरोबर थोडी कातडीही आली. चकती तिने त्याच्या उजव्या बरगडीखाली थापली.

"तुमचं यकृत आहे," ती म्हणाली, "त्यालाच बोलू द्या."

यंत्र बराच वेळ घुमत राहिलं.

"इथे यकृत सापडत नाही. चकती योग्य जागी लावा."