फौजदारांची फुंकर

फौजदारांनी तिसऱ्यांदा नळीत फुंकलं आणि पडद्यावरचा आकडा कालच्यापेक्षाही खाली गेला. दोन पूर्णांक नऊ दशांश. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून ते साडेतीन लिटर फुंकत होते. त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे डोळे बारीक करून पाहिलं. तिथे त्यांच्या हाताखाली आलेली नवी बाई मान खाली घालून नोंदी करत होती, जणू ती त्या गावचीच नाही.

फौजदार पोलिसातले नव्हेत. रुग्णालयातल्या श्वास मोजण्याच्या खोलीत ते एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होते. हे नाव पडलं ते त्यांच्या उलटतपासणीमुळे. नळीत फुंकणारा प्रत्येक जण अंगचोरपणा करतो, ही त्यांची पक्की समजूत. कुणाला रजा हवी असते, कुणाला सुनेची दया. एखादी म्हातारी धापा टाकत म्हणाली, पूर्ण जोर लावला हो, की हे म्हणणार, सगळे असंच म्हणतात, पुन्हा फुंका. तिने नळीला दोष दिला तर 'नाचता येईना अंगण वाकडं' ठरलेलंच. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा शब्द खरा मानला नव्हता आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

खोलीचा नियम असा की रोज सकाळी भल्यामोठ्या सिरिंजने यंत्रात बरोबर तीन लिटर हवा सोडून बघायची आणि मग एका निरोगी माणसाने फुंकायचं. त्या माणसाचा आकडा रोज सारखाच यायला हवा. घसरला तर यंत्रात बिघाड समजायचा. इथला तो निरोगी माणूस म्हणजे खुद्द फौजदार. सगळ्या रुग्णांचे श्वास ज्याच्या भरवशावर मोजायचे, तो श्वास त्यांचा.

आता तोच घसरत होता. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. सिरिंजने तपासलं तर तीनच्या जागी तीन. यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. फौजदारांना तोही कुणाला तरी सामील वाटला. पण खरं पाणी मुरत होतं ते बाईपाशी. आकडा उतरायला लागला तो ती आल्यापासून. ती अर्धा तास आधी येते. आपण आत शिरलो की एक फाइल घाईघाईने खणात जाते आणि खणाला कुलूप लागतं. परवा तर तिने हळूच विचारलं, साहेब, जिना चढताना धाप लागते का? म्हणजे वर टोमणे! धाप कसली डोंबलाची, नवे बूट चावतात म्हणून ते मधल्या पायरीवर थांबत. खोकला होता तो फरशी पुसायच्या नव्या औषधाचा. ते औषध कुणी बदललं, याचाही त्यांना छडा लावायचा होता.

गोष्ट साधी नव्हती. यंत्र खोटं असेल तर दोन महिन्यांचे सगळे रिपोर्ट खोटे. त्यांच्यावरून कुणाची शस्त्रक्रिया लांबली होती, कुणाला कामावर घेतलं नव्हतं. फौजदारांनी मोठ्या डॉक्टरांच्या नावे अर्ज लिहून खिशात ठेवला होता. बाई यंत्राशी खेळ करतात, त्यांना कामावरून काढावं. आता फक्त पुरावा हवा होता.

बाई पहिल्या रुग्णाला बोलवायला बाहेर गेली आणि किल्ली खणालाच राहिली. फौजदारांनी खण ओढला. फाइलमध्ये चाळीस कागद होते. चाळीस सकाळी साडेआठच्या ठोक्याला कुणीतरी याच यंत्रात फुंकलं होतं. नाव बाईचं. तिच्या लहानखुऱ्या चणीला शोभेल असा आकडा, दोन पूर्णांक पाच दशांश. पहिल्या दिवशी तोच आणि आज सकाळीही तोच. मधल्या अडतीस कागदांत कुठे फरक नाही.

याचा अर्थ कळायला फौजदारांना वेळ लागला नाही. मानायला मात्र ते तयार नव्हते.

दारात बाई उभी होती. ती घाबरली नाही, चिडलीही नाही. एका कागदावर तुमचा विश्वास बसला नसता, म्हणून चाळीस काढले, म्हणाली. मग तिने खोलीतल्या काचेच्या केबिनचं दार उघडलं. फुंकताना माणूस जोर चोरू शकतो, या केबिनमध्ये ती सोय नाही. आत बसून दोन्ही तळव्यांनी गाल दाबून धरायचे, नळी तोंडात धरून नुसता हलका श्वास घ्यायचा, श्वासनलिकांत अडथळा किती ते यंत्र आपलं आपण मोजतं. ज्यांचा संशय यायचा त्यांना फौजदार इथेच बसवत. आज ते स्वतः गाल धरून बसले. काचेतून त्यांना पडदा दिसत होता. अडथळा हवा त्याच्या दुप्पट निघाला. त्यांना भीती वाटली, अगदी साधी.

ते बाहेर आल्यावर बाईने एक चिठ्ठी पुढे केली. छातीच्या डॉक्टरांकडची आजचीच साडेदहाची वेळ तिने त्यांच्यासाठी घेऊन ठेवली होती. चिठ्ठी ठेवायला त्यांनी खिशात हात घातला, तर हाताला तो अर्ज लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलले, आणि बोलता बोलताच ते शब्द त्यांच्या ओळखीचे निघाले.

"बाई, मी रोज पूर्ण जोर लावत होतो हो."

"माहीत आहे, साहेब," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तुमचा शब्द मी खरा मानला, म्हणून तर कळलं."